जानकूतात्यांचा निरोप

निरगुडसर,
शनिवार

प्रिय भरत,

पाकीट बघून दचकशील. दर आठवड्याला फोन होत असताना गोरखला पत्र लिहायची काय हुक्की आली, असं आरतीवहिनींना म्हणशीलही. पण हे फोनवर जमणार नाही. फोनवर मी तुझ्याशी इतक्यांदा खोटं बोललोय, की खरं सांगायला बसलो तरी जीभ तिकडंच वळेल. कागदावर निदान विषय तरी बदलता येत नाही.

तुझ्या रानात तसं ठीक आहे. मोटर दुरुस्त करून घेतली. आगीतून वाचलेली गाय माझ्या गोठ्यात आहे. दूध देते, पण जवळ गेलं की अंग चोरते. जानकूतात्या मंगळवारी गेले. आपल्या कपिलनं गावच्या ग्रुपवर टाकलं होतं, तू खाली हात जोडल्याचं चित्र टाकलंस. बस, तेवढंच. पंधरा वर्षं तुझं रान सांभाळलेल्या माणसासाठी एवढंच का, हे मी विचारणार नाही. विचारायचा हक्क मला नाही, तो का नाही ते पुढं कळेल.

आपण सिगारेट सोडली तो दिवस मला सारखा आठवतो. तुझ्या छातीत कळ आली होती, हृदयात नळी बसवली होती, डॉक्टरांनी सिगारेट आणि दारू दोन्ही बंद सांगितलं होतं. ओझरला गणपतीपुढं उभे होतो तेव्हा तू कानाशी येऊन म्हणालास, "गोऱ्या, देवापुढं खोटं नको. सिगारेटचंच बोलू. दारूचं नाव काढायला नको." मला काही झालं नव्हतं, तरी तुझ्याबरोबर मीही शपथ घेतली. सगळंच सोडलं तर चार माणसांत बसायचं कसं, असं आपल्याला वाटायचं.

दिवसभर काही वाटायचं नाही. पण शनिवारी पहिला घोट उतरला, की दोन बोटं आपोआप खिशाकडं जायची. मग तू नियम काढलेस. ओढणाऱ्यांच्या वाऱ्याला बसायचं नाही. पेला उजव्या हातात धरायचा, म्हणजे तो हात रिकामा राहत नाही. तोंडात लवंग. आणि दोनच पेले, कारण तिसऱ्यानंतर माणूस स्वतःचंही ऐकत नाही. कपिल हसायचा, "काय राव, नवरा-बायकोवानी पहारा ठेवताय एकमेकांवर!" हसू दे. आपले सोळा महिने त्या पहाऱ्यावरच निघाले.

मग तुझी गुजरातेत सानंदला बदली झाली. "इथं दारूबंदी, त्यामुळं माझं सोपं झालं," असं तू म्हणायचास. मी मात्र इथंच होतो, त्याच माणसांत, त्याच ढाब्यावर. पहिले दोन महिने दोन पेल्यांवर उठलो. तिसऱ्या महिन्यात कपिलच्या मेव्हण्याची पार्टी होती. तिसरा पेला घेतला, आणि कुणीतरी पाकीट पुढं केलं. एकच ओढली. दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला, "काय, शून्य?" मी म्हणालो, "शून्य." किती सहज निघालं तोंडातून! त्यानंतर प्यायल्यावर एक, मग प्यायल्यावर चार, आणि तुला दर रविवारी शून्य. न पिता मी कधीच ओढली नाही. म्हणून मी स्वतःला सांगत राहिलो, की आपण सोडलेलीच आहे.

यात्रेच्या दिवशी भर दुपारी शर्यतीच्या घाटात बैलगाडे पळत होते आणि आम्ही कपिलच्या जीपमागं बसलो होतो. किती पेले झाले ते मोजले नाहीत. चारच्या सुमाराला पाणी भरून होणार होतं, म्हणून तुझी मोटर बंद करायला मी एकटाच रानात गेलो. तात्या वासराला घेऊन कॅनॉलकडं गेलेले दिसले. कोणत्याही क्षणी परत येतील आणि मला ओढताना बघितलं तर तुला फोन करतील, ही मला भीती. म्हणून मी कांदा साठवायच्या बराखीच्या मागं गेलो. भरत, मी लपायला तिथं गेलो. वर पाचटाचं छप्पर, खाली सुकलेली पात. ओढली, थोटूक टाकलं, चपलेनं चिरडलं असं वाटलं. खरंच चिरडलं का, ते आजही सांगता येत नाही. घरी पोचलो आणि मागं वळून बघतो तर धूर.

मी पळत येईपर्यंत आग गोठ्यावर गेली होती. तात्या आत शिरले होते. एका गाईचं दावं तोडून तिला त्यांनी बाहेर हाकललं, दुसरीचं तोडत असताना वरचं छप्पर खाली आलं. आम्ही त्यांना ओढून काढलं तेव्हा त्यांच्या हातांना कातडी नव्हती. शुद्धीवर होते. दुसरी गाय निघाली का, एवढंच विचारत होते.

पंचनाम्याला त्यांच्या कोपरीच्या खिशात विड्यांचं बंडल निघालं. कुणीतरी मला विचारलं, "तात्या विडी वढायचं ना हो?" मी म्हणालो, "हो, ओढायचे." एवढंच बोललो. त्यात खोटं काहीच नव्हतं. बाकीचं गावानं जुळवलं. आणि तू फोनवर म्हणालास, "त्याला परत माझ्या रानात पाय ठेवू देऊ नको." तुझे ते शब्द मी दवाखान्यात त्यांच्या कॉटपाशी उभं राहून त्यांना सांगितले. त्यांनी मान हलवली.

त्या दिवसापासून मी ओढली नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. पण ओढली. दारू न पिता ओढली, त्याच दवाखान्याच्या फाटकाबाहेर.

पाच आठवडे ते झुंजले. शेवटी दवाखान्यानं घरी न्या म्हणून सांगितलं, तेव्हा लेकीनं, द्रौपदानं, त्यांना महाळुंग्याला आपल्याकडं आणलं. सोमवारी त्यांचा निरोप आला म्हणून मी गेलो. त्यांनी लेकीला बाहेर जायला लावलं. आवाज अगदी खोल गेला होता. "गोरखभाऊ, मला काय बी आठवत न्हाई. म्या वासराकडं व्हतो, असंच वाटतंय. पर समदी म्हणत्यात, तर माझीच विडी असंल. म्हाताऱ्याचं डोकं, काय सांगावं? भरतभाऊला म्हणावं, माफ करा. लई खाल्लं त्यांचं. पत्र लिवा बरं का, फोनवर त्ये रागं भरत्यात."

खोलीत आम्ही दोघंच होतो. मला एक वाक्य बोलायचं होतं. मी "लिहितो, तात्या" म्हणालो, चमच्यानं त्यांच्या तोंडात पाणी सोडलं आणि गाडीला किक मारून निघून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

म्हणून हे पत्र. त्यांचा निरोप तुला पोचवायचं मी कबूल केलं होतं, तो पोचवला. पण ती माफी मागायची पाळी त्यांची नव्हती, माझी आहे. काल द्रौपदाला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. "हे दादांना सांगितलं व्हतं का?" एवढंच तिनं वडिलांबद्दल विचारलं. मी नाही म्हणालो, तेव्हा तिनं दार लावून घेतलं. येत्या गुरुवारी दशक्रिया आहे. श्रद्धांजलीची भाषणं होतील, तेव्हा मी उठून सगळ्या गावापुढं सांगणार आहे. मग पोलीस, गाव, जे काय व्हायचं ते होऊ दे. हे पत्र कुरिअरनं टाकतोय, मंगळवारपर्यंत मिळेल. तू ये. माझं तोंड बघू नकोस हवं तर, पण ये. मेलेल्या माणसाची माफी मागायला मी एकटा पुरणार नाही, भरत. "पाय ठेवू देऊ नको" हे पोचवलं मी, पण शब्द तुझे होते.

असं म्हणायचा हक्क उरला असेल तर,
तुझाच,
गोरख