हाक टांगा

आप्पा, तुमची चाल मला इथं सापडली. जपानात, फुनाबोरीला, आमच्या हॉटेलात, गेल्या रविवारी दुपारी तीन वाजता, पातेल्याला लागलेली डाळ खरवडताना. तेव्हापासून हातात काही ठरत नाही. आज दोनदा रोट्या करपवल्या. ताई म्हणाली, "अरे, लक्ष कुठंय? जा, चक्कर मारून ये." स्टेशनपर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. आता ऑर्डरच्या पॅडच्या मागल्या बाजूला हे लिहितोय, तेही उभ्यानं. माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे. सातवीत शाळा सुटली तिथंच ते थांबलंय.

ताई म्हणजे हॉटेलची मालकीण. मूळची नाशिकची, जपानी माणसाशी लग्न करून इथलीच झाली. तिचे सासरे ऐंशीच्या पुढचे, सगळे त्यांना ओजिईसान म्हणतात, म्हणजे आजोबा. दुपारची गिऱ्हाइकं गेली की संध्याकाळपर्यंत हॉटेल बंद असतं, तेव्हा दर रविवारी त्यांचे तीन म्हातारे दोस्त वाद्यं घेऊन येतात. डोक्यावर अमेरिकन गुराख्यांच्या हॅटा, बूट मात्र दाराशी काढून ठेवलेले. ओजिईसान गिटार मांडीवर आडवी घेतात आणि तारांवरून लोखंडी कांडी सरकवतात, सूर कसा नाकातून ओढल्यासारखा निघतो. मला इथं लागून दोन महिने झाले, त्यांच्या वाजवण्याकडं कधी लक्ष दिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी ती चाल काढली आणि माझ्या हातातली घासणी थांबली. हाक टांगा! मनमाडात वरातीपुढं तुमचा ट्रम्पेट वाजवायचा, तीच.

तुम्ही ओट्यावर बसलाय, ट्रम्पेटला चिंच चोळताय. मी विचारतो, "आप्पा, हाक टांगा कोणत्या पिक्चरमधलं?" तुमचा हात थांबतो. "पिक्चरमधलं? माझं आहे ते. मी बांधलंय, टांग्याच्या चाकावर. पुन्हा पिक्चर म्हणालास तर कान उपटीन." म्हणता म्हणता उपटलातच, चिंचेच्या हातानं. कानाला खरचटलेलं होतं, असं चरचरलं की बास. त्या चरचरण्यासकट मी ते खरं मानलं. शाळेत सांगितलं, गल्लीत सांगितलं. घोडी नाचवायची वेळ आली की लोक ओरडायचे, "मास्तर, हाक टांगा होऊ द्या!" गावातल्या दुसऱ्या कुठल्याच बँडकडं ती नव्हती. मी चौदा वर्षांचा असताना तुम्ही गेलात, आणि तुमचं म्हणून मिरवावं असं माझ्याकडं तेवढंच राहिलं.

म्हणून काकांशी तसा वागलो. तुमच्या बँडातले क्लॅरिनेटवाले काका. तुमच्यामागं बँड त्यांनीच सांभाळला, मलाही साइड ड्रम दिला. मी अठरा वर्षांचा झालो होतो. एका वरातीत कुणा पाहुण्यानं विचारलं, झकास आहे हो, कुठलं हे? काका हसत म्हणाले, "गोऱ्यांचं आहे. रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये अँग्लो-इंडियन लोकांचा नाच असायचा, रेकॉर्ड लागायची. मी आन् मास्तर खिडकीखाली उभं राहून उचललं." मी ड्रम उतरवला, त्यांच्या हातातली क्लॅरिनेट हिसकावली आणि पुलाच्या दगडी कठड्यावर आपटली. "माझ्या बापाला चोर म्हणता?" भर वरातीत. काकांनी मला बोटसुद्धा लावलं नाही. खाली बसले आणि तुकडे गोळा करत राहिले, धुळीतून एकेक चावी शोधत. घोडी तशीच उभी, नवरदेव वर. त्याच आठवड्यात मी मनमाड सोडलं. पुणे, मुंबई, मग इथं, आणि इथंही हे तिसरं किचन. नऊ वर्षं झाली. काकांशी एक शब्द बोललो नाही.

तर मी ओले हात पुसत बाहेर गेलो आणि ताईला म्हणालो, "विचारा ना त्यांना, हे कुणाचं?" ओजिईसान इतके खूश झाले की त्यांनी कांडीच खाली ठेवली. अमेरिकेत खाली दक्षिणेला, रस्त्याकडेच्या दारूच्या गुत्त्यांत असली गाणी व्हायची म्हणे. बायकोनं सोडलेला माणूस पेल्याशी गाऱ्हाणं मांडतो. लिहिलं लाकडाच्या वखारीतल्या एका मजुरानं. रेकॉर्डच्या मागल्या बाजूला टाकलं होतं, जागा भरायला. लोकांनी तबकडी उलटी करून तेच वाजवलं. मग एका बाईनं त्याच चालीवर उलटा जबाब दिला, की सगळा दोष आमच्याच माथी का? तो जबाब त्याहून गाजला. पुढं अमेरिकन शिपायांबरोबर गाणं इथल्या लष्करी तळांवर आलं. ओजिईसान विशीत तिथल्या क्लबात वाजवायचे. इंग्रजी ओ का ठो कळत नव्हतं, जसं ऐकू आलं तसं पाठ केलं. मी विचारलं, "म्हणजे चाल त्या मजुराची?" ताईनं विचारून सांगितलं, "बाबा म्हणतात, त्याची पण नाही. आधी ते चर्चमधलं भजन होतं. त्याच्याही आधी कुणाचं तरी प्रेमाचं गाणं. त्याच्या मागचं कुणालाच माहीत नाही."

"असल्या गाण्यांना म्हणतात काय?"

"होंकी-टोंकु," ओजिईसान म्हणाले. गाण्यातही तो शब्द येतो म्हणे. कोपऱ्यात गृहपाठ करणारी ताईची मुलगी वहीतून मान न काढता म्हणाली, "चिगाउ." म्हणजे चूक. मग तिनंच शाळेतल्या इंग्रजीत नीट म्हणून दाखवलं, हाँकी टाँक.

हाँकी टाँक. हाकी टांग. हाक टांगा. आप्पा, खिडकीखाली तुम्हाला तेवढंच ऐकू आलं होतं ना? टांग्याचं चाक नव्हतंच कुठं.

मला राग आला. अजून आहे. जिथं मजुरानं उचलली, बाईनं उचलली, ओजिईसाननी उचलली, तिथं तुम्ही "उचलली" म्हणाला असता तर काय बिघडलं असतं? एक क्लॅरिनेट वाचली असती. मग मी शिटीवर तुमचं हाक टांगा वाजवून दाखवलं. मधे, घोडी नाचायची तिथं, तुम्ही सूर तीन गिरक्या देत वर न्यायचा, त्यासकट. ओजिईसाननी हात वर केला. "चिगाउ."

"चूक म्हणतायत?"

ताई म्हणाली, "चूक पण, आणि वेगळं पण. दोन्हीला तोच शब्द आहे."

ओजिईसाननी मला पुन्हा वाजवायला लावलं, मग पुन्हा, आणि कांडी सरकवत ती गिरकी शोधू लागले.

आठवडाभर त्यांनी ती घोटली असावी. आज ते वाजवायला बसले तेव्हा मी आईकडून घेतलेला काकांचा नंबर लावला. तिकडं साडेअकरा झाले असतील. "कोण?" आवाज तोच, जरा फाटलेला. "मी. मास्तरांचा." पलीकडं रेडिओ बंद झाला. मग, "बोल." आठवडाभर पाठ केलेलं एक वाक्य होतं, ते आलंच नाही. मी फोन ओजिईसानच्या गिटारीपुढं धरला आणि अख्खं गाणं होईपर्यंत तसाच उभा राहिलो. फोन कानाला लावला तेव्हा काका म्हणाले, "लई हळू हाकतोय रे टांगा. घोडी झोपंल."

मी हसलो. तेही हसले, खोकले.

"क्लॅरिनेट नाही वाटतं त्यांच्यात?"

"नाही, काका."

"तरीच," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

हे पत्र कुठं टाकणार? पॅडमध्येच राहील, उद्या कुणीतरी पुढच्या बाजूला दोन नान एक डाळ लिहील. पण तुम्हाला म्हणून सांगतो. माफी ओठांपर्यंत आली होती. तिच्या मागोमाग ती मधली गिरकी रेकॉर्डात होती की तुमची, हेही काकांना विचारावं लागलं असतं. ते विचारायचा धीर झाला नाही, म्हणून मी दोन्ही गिळलं.