नसलेल्या कुत्र्याला फिरवताना

२ फेब्रुवारी, रविवार

वही, माफ कर. सव्वा वर्षाने उघडतो आहे तुला. शेवटची नोंद गिटारच्या दुसऱ्या धड्याची आहे. तिसरा का झाला नाही याची कारणं तेव्हाच लिहून ठेवायला हवी होती, आता आठवत नाहीत. पण होती, एवढं नक्की.

आज मात्र लिहिण्यासारखं घडलं. कुत्रा ठरला. लेक आठ वर्षांची होती तेव्हा तिला शब्द दिला होता. आता ती चौदाची आहे. याला लोक दिरंगाई म्हणतील. मी अभ्यास म्हणतो. आपली राहणी काय, आपला अनुभव किती, आपल्याला कुठली जात झेपेल, यातलं काहीही न बघता माणसं कुत्रं घरी आणतात आणि मग दोघांचेही हाल होतात.

शहराबाहेर एक बाई केनेल चालवतात. त्यांच्याकडे असे हाल झालेलेच सगळे. हौसेने नेलेले आणि दोन महिन्यांत परत आणून सोडलेले. तिसऱ्या पिंजऱ्यात एक जर्मन शेफर्ड आहे, अडीच वर्षांची. दोनदा गेली, दोनदा परत आली. लेक तिच्या जाळीपाशी बसली ती उठेचना. मीही माझ्या स्वभावाचा नीट विचार केला. शिस्त, निष्ठा, कामसूपणा. म्हटलं, शेफर्डच. आमची नजरानजर झाली तेव्हा तिलाही ते पटल्यासारखं दिसलं. बायकोचं म्हणणं, ती माझ्या हातातल्या बिस्किटाकडे बघत होती.

फॉर्म भरला. माझं कामच ते. विमा कंपनीत वीस वर्षं मी लोकांचे अर्ज तपासतो. रोज व्यायाम करता का, या प्रश्नापुढे लोक बिनदिक्कत होय लिहितात आणि मी ते पकडतो. म्हणून स्वतःचा फॉर्म फार जपून भरला. रोज किती चालता? पाऊण तास. (आजवर नाही, पण निर्णय झालेला आहे, आणि मी निर्णय बदलणारा माणूस नव्हे.) कुत्र्यांचा पूर्वानुभव? आहे. (नऊ वर्षांचा असताना शेजाऱ्यांचा कुत्रा मांडीला चावला होता. त्याहून जवळचा अनुभव काय असतो?)

बाईंनी फॉर्म न वाचताच बाजूला ठेवला. म्हणाल्या, साहेब, फॉर्म सगळेच छान भरतात. आधी एकवीस दिवस कुत्र्याशिवाय कुत्रा पाळून दाखवा. मग एक पट्टा दिला आणि एक छापील तक्ता. पहाटे साडेपाचला हा पट्टा हातात धरून पाऊण तास चालायचं, संध्याकाळी पुन्हा तेवढंच. भांड्यातलं पाणी दोनदा बदलायचं. रोज रात्री घरातल्या कुणीतरी सही करायची. तेवीस तारखेपर्यंत तिला तुमच्यासाठी राखून ठेवते, म्हणाल्या, पण ती तिसऱ्यांदा परत आलेली मला बघवायची नाही.

मी म्हटलं, एकवीस कशाला, सात दिवसांत तुमची खात्री पटेल. बाई हसल्या नाहीत.

३ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी ७

उठलो! गजराच्या आधी पाच मिनिटं! लेकही आली. मोकळा पट्टा हातात धरून चालताना सुरुवातीला लाज वाटली. दूधवाल्याने विचारलं, साहेब, कुत्रा सुटला का? म्हटलं, यायचा आहे. कोपऱ्यावर लेक एकदम म्हणाली, बाबा थांब, ती हुंगतेय. आम्ही थांबलो. खांबापाशी पुरती दोन मिनिटं. मग लेक म्हणाली, झालं तिचं, चल.

असं काही आपण फार पूर्वीच करायला हवं होतं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पोटऱ्या दगड झाल्या आहेत. तरी गेलो. दुकानदाराने हे बूट चालण्याचे म्हणून विकले होते. त्याने कशाच्या जोरावर सांगितलं कोण जाणे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

गजर वाजला नाही. बायको म्हणते वाजला, तीनदा वाजला, आणि तिन्ही वेळा मी हात लांब करून बंद केला. मला आठवत नाही. जे आठवतच नाही ते मी केलं असं प्रामाणिकपणे कसं म्हणू?

तक्त्यात शेऱ्यासाठी वेगळा रकाना आहे, हे आज कळलं. बायको रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते, लिहिण्याची पद्धत तीच. आजच्या तारखेपुढे तिने लिहिलं आहे: हालचाल आढळली नाही.

अठरा वर्षांचा संसार, आणि हे.

९ फेब्रुवारी, रविवार

विश्रांती. वर्षानुवर्षं मेहनत करणारे लोकही रविवारी थांबतात. लेक एकटीच पट्टा घेऊन गेली. मी सांगितलं होतं की गरज नाही. म्हणाली, कुत्र्याला रविवार कळत नाही, बाबा. वाक्य बरं आहे, पण बोलायचा सूर तिच्या आईचा वाटला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसतात त्या काकांना विश्वासात घेऊन सगळं सांगितलं. कुणाला बोलू नका म्हटलं होतं. दुपारी जेवायला गेलो तर चार टेबलांवरून शिट्ट्या. एकाने माझ्या पायाशी पोळीचा तुकडा टाकला. म्हणाला, तुमच्या नसलेल्याला. काका सर्वांत मोठ्याने हसत होते.

त्या भरात संध्याकाळचं चालणं राहिलं. याचा दोष खरं तर काकांकडे जातो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

स्वतःला कठोर प्रश्न विचारला: शेफर्ड ही निवड भावनेच्या भरात तर झाली नाही ना? उत्तर टाळलं नाही. शेफर्ड माझ्या स्वभावाला जुळते, पण माझ्या गुडघ्यांना नाही. आणि गुडघे हाही राहणीचाच भाग आहे. लॅब्राडोर बघायला हवा. मनमिळाऊ जात, समजून घेणारी.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

लॅब्राडोरलाही तासभर लागतो म्हणे. ही माहिती लोक आधी का सांगत नाहीत? बीगल.

१६ फेब्रुवारी, रविवार

बीगल पळतो. वासामागे सुटला की हाक ऐकत नाही. असली बेइमानी मला घरात नको.

मग पग. पगला वीस मिनिटं पुरतात, त्यातच तो दमतो आणि उचलून घ्या म्हणतो. मला पगमध्ये एक समंजसपणा दिसतो. जेवताना घरात जाहीर केलं. बायको म्हणाली, अजून दोन पायऱ्या उतरलास की कासव लागेल. लेक ताट तसंच ठेवून उठली. आत जाताना एवढंच विचारलं, मग तिसऱ्या पिंजऱ्यातलीचं काय?

मी म्हटलं, तिला कुणीतरी अनुभवी माणूस मिळेल. यात तिच्याच भल्याचा विचार होता. नीट तपासून बघितलं, होता.

१७ फेब्रुवारी, सोमवार

रात्रभर विचार केला. पग रद्द. शब्द म्हणजे शब्द. शेफर्डच. उद्या पहाटेपासून नव्याने.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पहाट निसटली. पण काम झालं.

तक्ता काढून बघितला तर सात दिवसांचे सहीचे रकाने कोरे. पाच दिवस हातात. लेकीला बोलावलं आणि म्हटलं, एवढ्या करून टाक. तिने विचारलं, सगळ्या? म्हटलं, सगळ्या. तिने कोरे रकाने बोटाने मोजले. मग पेन घेतलं आणि एकामागून एक सात सह्या केल्या. माझ्याकडे बघितलं नाही.

हे खोटं ठरतं का, याचा मी शांतपणे विचार केला. बाईंना सह्या कशासाठी हव्या आहेत? माझा हेतू पक्का आहे की नाही हे कळावं म्हणून. हेतू पक्का आहे. तेव्हा सह्या खऱ्याच. एकच चूक झाली, साती सह्या एका शाईच्या दिसतात. असा अर्ज माझ्याकडे आला असता तर मी ताबडतोब पकडला असता. तिला दोन पेनं द्यायला हवी होती.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मोठी गादी आणली, शेफर्डच्या मापाची. ब्रश आणला. हॉलमध्ये मांडून बघितलं. घर भरल्यासारखं वाटलं. लेकीला हाक मारली, अभ्यास आहे म्हणाली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

लेक दुपारी मैत्रिणीकडे गेली. तक्ता फ्रीजवर दिसत नाही. बायको म्हणते, असेल कुठेतरी. उद्या सकाळी लागणार आहे, आणि या घरात एक कागद जागेवर राहत नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळ

क्रमाने लिहितो.

दहाला तिघंही केनेलवर पोचलो. तक्ता हरवला आहे, पण पूर्ण भरला होता, असं मी बाईंना सांगायला लागलो. त्यांनी टेबलाच्या खणातून तक्ता काढून समोर ठेवला. म्हणाल्या, तुमची मुलगी काल दोन बस बदलून आली होती. तिने बोट ठेवून दाखवलं, या सात सह्या मी खोट्या केल्या आहेत. आणि म्हणाली, हिला बाबाकडे देऊ नका.

घरभेदी म्हणतात ते हे. सहा वर्षं जिच्यासाठी कुत्रा आणायचा म्हणून मी इतका विचार केला, तिनेच! मी सगळ्यांदेखत तिला विचारलं, हे सगळं मी कुणासाठी करत होतो? ती जाळीत बोटं अडकवून उभी होती, शेफर्ड ती बोटं चाटत होती. म्हणाली, माझ्यासाठी, मला माहीत आहे. मग वळून म्हणाली, बाबा, तू उद्यापासून म्हणतोस त्याची मला सवय झाली आहे. तिला नको व्हायला.

रागावून बोलली असती तर मी उत्तर दिलं असतं. माझ्याकडे चांगली उत्तरं होती.

बायकोला यातलं कालच माहीत होतं. बसचे पैसे तिनेच दिले होते.

बाई म्हणाल्या, मुलीला यायचं असेल तर दर शनिवार-रविवारी सकाळी येऊ दे, हिला फिरवायला मला माणूस हवंच आहे. त्यासाठी पालकांचं संमतीपत्र लागतं. बायकोने तिथेच उभ्या उभ्या भरलं. जबाबदार व्यक्ती, या रकान्यापुढे स्वतःचं नाव लिहिलं. मी पेन पुढे केलं होतं, पण तिच्याकडे होतं. खाली, घरातील इतर सदस्य असा एक रकाना होता. त्यात मी आहे.

येताना गाडीत लेक मागे बसली होती. आरशात बघितलं तर झोपली होती, तोंडावर हात, बोटं नाकाशी.

माझा विश्वासघात झाला आहे. हे वाक्य लिहून तीनदा वाचलं. अर्जात असं वाक्य आलं तर मी समोर लिहितो, तपशील द्या. तपशील द्यायला बसलो तर पहिली तारीख अठराची येते आहे, आणि त्या दिवशी खोलीत आम्ही दोघंच होतो. तूर्त रकाना कोरा ठेवतो.

उद्या: संमतीपत्राच्या दोन झेरॉक्स काढणे. (ऑफिसच्या मशीनवर नको. काम खासगी आहे.)