बोटीवरचा कोट आणि शॉपमधला पट्टा

६ जानेवारी १९५८, सोमवार

झालं! नक्की झालं! मॅनेजर यशवंतराव साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं की सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला विलायतेला अर्जुनराव जाणार. अर्जुनराव म्हणजे मी. बावीस मार्चला मुंबईहून बोट. परत आल्यावर सगळं मशीन शॉप माझ्या ताब्यात. चिंचवडच्या या कंपनीत मॅट्रिक पास सुपरवायझरला असा मान अजून कुणाला मिळालेला नाही.

साहेबांनी स्वतः हात मिळवला. माझा हात तेलकट होता. त्यांनी नंतर रुमालाला पुसला, पण हसत पुसला.

घरी इंदूला सांगितलं. तिने देवापुढे साखर ठेवली आणि लगेच विचारलं की तिकीट कुठल्या वर्गाचं. बायकांना काही पोच नसते. असलं साहेबांना विचारायचं नसतं. फर्स्ट क्लासच असणार.

१२ जानेवारी, रविवार

पुण्याच्या जुन्या बाजारात अनमोल वस्तू मिळाली. बोट कंपनीचं पुस्तक, ‘प्रवाशांसाठी सूचना’. इंग्रजी, सचित्र. सन १९३६ चं आहे, म्हणजे बावीस वर्षांचा अनुभव त्याच्या पाठीशी आहे. शेवटची काही पानं डिंकासारख्या कशाने तरी चिकटली आहेत. तेवढं चालायचं. सोबत काटा-सुरीची जोडीही घेतली.

वाचून घाम फुटला. रात्रीच्या जेवणाला रोज काळा डिनर कोट. पांढरा कडक शर्ट, बाहीचा कफ कोटाबाहेर अर्धा इंच दिसला पाहिजे. गळ्यात काळा बो, कमरेला काळा रेशमी पट्टा. हे नसेल त्याला डायनिंग सलूनच्या दारातून परत पाठवतात. आणि एक वाक्य तर मी लाल पेन्सिलीने अधोरेखित केलं: कपडा अंगवळणी पडलेला असावा, नवखा माणूस तत्काळ ओळखू येतो.

मला कुणी ओळखणार नाही. आजपासून तयारी.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. घरात तिळगूळ, पण गोड बोलणं नाही.

कमरेच्या पट्ट्याला काळं रेशीम हवं होतं. इंदूची चंद्रकळा काळी आहे, रेशमी आहे, आणि वर्षातून एकदाच नेसते. ती एकदा म्हणजे नेमकी आज, हे लक्षात राहिलं नाही. मी सकाळीच सयाजी शिंप्याकडे टाकली होती. त्याने काठाकडून हातभर कापून बाकीची परत पाठवली. इंदूने उरलेली चंद्रकळा पोटाशी धरली आणि म्हणाली, अहो, माझ्या आईची होती हो ती.

मी समजावलं की हा पट्टा एडनला जाईल, सुएझला जाईल. तिच्या आईने कधी सुएझ पाहिलं होतं का?

२१ जानेवारी, मंगळवार

काटा-सुरीचा सराव सुरू. काटा डावीकडे, सुरी उजवीकडे. खरं काम उजव्या हाताचंच. भाकरी सुरीने कापली, ताट खाली गेलं. पिठलं काट्यातून गळतं. भात चढतो, पण तोंडापर्यंत चार शितं पोचतात. पाऊण तासात अर्धी भाकरी झाली. पोट भरलं असं ठरवून उठलो.

इंदू म्हणते की हाताने जेवा, बोटीवर जाऊन काय करायचं ते करा. मी तिला सूचना क्रमांक नऊ वाचून दाखवली. ती पितळ्या घासायला निघून गेली.

३ फेब्रुवारी, सोमवार

सयाजीने कोट दिला. अहाहा! अंगासरसा बसला आहे. हात वर केला तर काखेत आवळतो. सयाजी म्हणाला, राव, श्वास जपून घ्या.

मास्टर प्लॅन: रोज दुपारी एक तास पूर्ण पोशाखात शॉपमध्ये राउंड. अंगवळणी पडण्याचा दुसरा उपाय नाही.

आज पहिल्याच दिवशी सगळे लेथ थांबले. भैरू मिस्त्री तेवढा हसला नाही. हा मोशीचा म्हातारा, रोज सायकलने येतो, शॉपमधलं कुठलंही मशीन आवाजावरून ओळखतो. वर शाफ्ट फिरतो, त्यावरून चामड्याचे पट्टे खाली लेथवर येतात, त्यांची सगळी देखभाल त्याच्याकडे. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, सायेब, ह्ये हितं नगं. आणि भिंतीकडे बोट दाखवलं.

भिंतीवर बोर्ड आहे. ‘सैल कपडे घालून पट्ट्याजवळ येऊ नये. हुकमावरून.’ अक्षर माझंच आहे. हुकूमही माझाच. मागच्याच महिन्यात उपरणं घालून आलेल्या एकाला मी घरी पाठवलं होतं.

भैरूला शांतपणे समजावलं की बोर्डवर ‘सैल’ लिहिलं आहे. माझा कोट टाइट आहे. शिक्षण नसलं की नियमाचा अर्थ कळत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

किरकोळ घटना. कफला सयाजीचा एक कच्चा धागा राहिला होता. तीन नंबरच्या लेथजवळ उभा होतो, पट्ट्याने तो धागा उचलला. सर्रकन हातभर उसवला आणि वर शाफ्टला गुंडाळला गेला. आवाजसुद्धा झाला नाही.

भैरूने मशीन थांबवून धागा सोडवला, माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, पट्टा डोळं झाकून वढतो सायेब. त्याला सायब बी कळत न्हाई आन् गडी बी कळत न्हाई. मग स्वतःचा डावा हात दाखवला. करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट मुळापासून नाही. आधीच्या गिरणीत गेली म्हणे. बाहीचं टोक होतं फक्त.

जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर असलं दाखवतात का? काट्याने दोन घास खाल्ले.

सयाजीला धाग्याबद्दल चांगला झापणार.

२० फेब्रुवारी, गुरुवार

बोट कंपनीचं पाकीट आलं! रजिस्टर्ड. जाड आहे, म्हणजे फर्स्ट क्लासच. आमच्या घरी शुभकार्याचं पत्र आधी देवापुढे ठेवतात, मग मुहूर्तावर उघडतात. हे लग्नापेक्षा मोठं. पंचांग पाहिलं. आठ मार्च, शनिवार, संध्याकाळ उत्तम.

इंदू म्हणाली, अहो, आत काही कळवलं असेल, वाचून तर घ्या. मी विचारलं, काय कळवणार? सूचनांचं पुस्तक माझ्याकडे आहेच.

पाकिटाला हळदकुंकू लावून देवापुढे ठेवलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

कोट आता काखेत आवळत नाही. चांगलं कापड वापराने मोकळं होतं. अंगवळणी पडतोय, दुसरं काय!

इंदूचं म्हणणं वेगळं. म्हणते की कोट मोकळा झाला नाही, तुम्ही वाळलात. महिनाभर चार-चार शितं खाऊन गालफडं बसली आहेत, मनगटं काडीसारखी झाली आहेत. तिने माझ्या हाताला बोटांचा वेढा घालून दाखवला. बोटं मिळाली, वर जागा उरली.

सयाजीही म्हणाला, बाह्या आत घेतो, लोंबायला लागल्यात. मी नको म्हटलं. बोटीवर सात कोर्सचं जेवण असतं, आठ दिवसांत भरून येईन. मग पुन्हा उसवत बसायचं का?

कफ अर्ध्या इंचाऐवजी दीड इंच बाहेर दिसतो. जास्त रुबाबदार वाटतं.

१ मार्च, शनिवार

भैरूने आज मर्यादा सोडली.

पाच नंबरचा पट्टा घसरत होता, मी वाकून पाहिलं. कमरेचा रेशमी पट्टा सैल होऊन सुटला, त्याचं टोक पुलीत गेलं. मला कुणीतरी कमरेला धरून ओढतंय असं वाटलं. पाय फरशीवरून सरकले. तेवढ्यात भैरूने चामडं कापायच्या सुरीने तो कापून टाकला. खच्च. माझ्या पोटापासून चार बोटांवर.

मला दरदरून घाम आला होता. रागाने. चंद्रकळेचा पट्टा! सगळ्यांसमोर मी ओरडलो की बोटीवर आता काय बांधू, तुझी पगडी? तो म्हणाला, लई झालं सायेब. आमी रोज तुमच्याकडं बघू का मशीनकडं? काय इपरीत झालं तर इंदुताईंना त्वांड कसं दावू?

मी त्याला ताकीद दिली. यापुढे माझ्या अंगाला हात लावायचा नाही, आणि मी सांगितल्याशिवाय मशीन थांबवायचं नाही. त्याने मान खाली घातली. व्हय, म्हणाला.

अखेर शिस्त आली.

घरी सांगितलं नाही. इंदूने विचारलं की हात का कापतोय. थंडीने, म्हटलं. मार्चमध्ये? असं म्हणून तिने गोधडी काढून दिली.

५ मार्च, बुधवार

होळीची सुट्टी. पुरणपोळी काट्याने खाल्ली. पाव पोळी गेली.

रात्री स्वप्न पडलं. डायनिंग सलूनच्या दारात बटलर उभा. माझा कोट बरोबर, बो बरोबर. तो म्हणाला, हात दाखवा. मी हात दाखवायला गेलो तर बाही रिकामी. उठून पाणी प्यायलो. पुरण पचत नाही मला.

७ मार्च, शुक्रवार

उद्या शॉपमध्ये माझा निरोपाचा फोटो. कल्पना माझी. पूर्ण पोशाखात मी फिरत्या शाफ्टवरचा पट्टा लेथच्या पुलीवर स्वतः चढवतोय असा. विलायतेत दाखवता येईल की आमच्याकडचे सुपरवायझर डिनर कोटातसुद्धा हाताने काम करतात.

भैरू घरी आला होता. मी आत फोटोच्या पोझची तालीम करत होतो म्हणून ओट्यावरच बसला. इंदूला म्हणाला की ताई, मला मशीन थांबवायची बंदी हाय, तुमी सांगा. फोटोपुरतं मशीन बंद ठिवा, न्हाईतर कोट काढा. दोन्हीतलं येक तरी.

इंदूने सांगितलं. मग माझे हात धरून रडली. खूप समजूत काढावी लागली. मशीन बंद असेल तर पट्टा लोंबतो, फोटोत मेल्यासारखा दिसतो. तिला म्हटलं, दोन मिनिटांचं काम आहे वेडे. संध्याकाळी आपण दोघं मिळून पाकीट उघडू.

८ मार्च, शनिवार, सकाळी साडेसहा

दाढी केली. कफ इस्त्री केले. इंदूने बो बांधून दिला, बाहीची बटणं लावली. बाही मनगटावरून पुढे येऊन बोटं झाकते. फोटोत ओढून घेईन.

पावणेनऊला फोटोग्राफर येणार. भैरूला चांगला आवाज देऊन सांगणार आहे की पट्टा फुल स्पीडला ठेव.

२२ मार्च, शनिवार

डाव्या हाताने लिहितो आहे. एका ओळीला फार वेळ लागतो.

परवा इस्पितळातून आलो. उजव्या हाताचा अंगठा आहे. बाकी चार नाहीत. डॉक्टर म्हणाले, भैरूने खांद्याने धडक देऊन पट्टा पाडला नसता तर हात खांद्यापर्यंत गेला असता. न विचारता माझ्या अंगाला हात लावला त्याने. मशीनही न विचारता थांबवलं. रोज संध्याकाळी येतो आणि ओट्यावर बसतो. मी काल त्याला आत बोलावलं. दोघेही रडलो.

इस्पितळातली झोळी मळली, म्हणून इंदूने उरलेली चंद्रकळा फाडून नवी केली. हात आता काळ्या रेशमात गळ्याशी बांधलेला आहे.

ड्रॉइंग ऑफिसचे आबाजी आज माझ्या जागी गेले. परवा विचारायला आले होते की कपडे काय न्यावेत. कोटाचं काही सांगणार होतो, पण सांगितलं नाही. म्हटलं, तुम्हाला आवडेल ते.

बोट दुपारी सुटली असेल. म्हणून पाकीट फोडलं. इंदूने फोडलं, मी वाचलं. आत नुसतं सूचनांचं पत्र. तिकीट टूरिस्ट क्लासचं, ते साहेबांकडे पाठवलं आहे. पोशाखाचं कसलंही बंधन नाही. सलूनमध्ये बसायचं नसेल त्यांच्यासाठी डेकवर काउंटर आहे. आपलं ताट आपण घ्यायचं, हव्या त्या कपड्यांत, हवं तसं, हाताने खाल्लं तरी कुणी विचारत नाही. कपड्यांबद्दल सबंध पत्रात एकच नियम आहे, तोही ठळक अक्षरात. बोटीचं इंजिनघर पाहायला येणाऱ्यांनी सैल कपडे घालून येऊ नये.

मी तो दोनदा वाचला. इंदूने विचारलं, काय लिहिलंय? मी म्हटलं, विशेष काही नाही, आपल्या बोर्डवर आहे तेच.

ताट वाढून ती समोर बसली आहे. भाकरी कुस्करून ठेवली आहे. आज डाव्या हाताने खाऊन बघतो.