पोष्टानं आलेला कोड

कुरखेडा
२ जुलै २०२५

चि. रशिदा हिस सादिकभाईचा सलाम आणि दुआ. वि. वि.

तुह्या गुड्डीभाभीच्या मौतीचा चाळीसवा आटोपून तुम्ही लोकं घुग्घुसले परत गेले. आता घरात मी अन् जुबेर. बाप-लेक दोघं. तो दुकानातून येतो, ताट वाढतो, ओठ हलवतो. मी मान हलवतो. दहातून दोनदा समजतं. बाकी आठदा मी भात घेतो का वरण, यावर तो समजून घेतो की मी काय समजलो.

तुले एक काम सांगतो. माझं फेसबुक बंद पडलं आहे. मे महिन्यात जुबेरनं मोठ्या हौसेनं नवा फोन आणला अन् जुना दुकानदाराले देऊन टाकला. नव्यानं पासवर्ड विचारला. मले काय माहीत पासवर्ड? २०१६ मधे तुह्या तहसीननं ते काढून दिलं होतं, तुमच्याच ओट्यावर बसून. नंतर कधी काम पडलं नाई. तिले विचारलं तं तिलेही आठवत नाई. मी पाच-सहा टाकून पाहिले, तं त्यानं दारच लावून घेतलं. आता म्हणते, शेवटी ४७ असलेल्या नंबरवर कोड पाठवतो. तो नंबर तुझा. तवा माझ्या फोनातलं सिम चालू झालं नव्हतं म्हणून तहसीननं तुझाच टाकला होता.

काऊन पाहिजे म्हणून विचारशील. कारखान्याच्या मशिनीपाशी तीस वर्षं उभं राहून माझे कान गेले हे तुले माहीत आहे. पण घरातल्या घरात आमचं बोलणं कसं चाले, हे तू आठ दिवस राहून पाहिलं आहे. गुड्डी सैपाकघरातून त्या फेसबुकवरच लिहायची, साधा मेसेज करणं तिले जमत नव्हतं; अन् माझा खिसा थरथरायचा. चहा झाला. दाराशी कोण आलं पाहा. एवढे घोरू नका, बाजूचे लोकं उठतील. भांडण व्हायचं तेही त्यातच, अन् तिची बोटं माझ्याहून जलद, म्हणून नऊ वर्षांत एकही भांडण मी जिंकलो नाई.

ते बंद पडलं अन् पाचव्या दिवशी ती गेली. मी मागच्या आंगणात सायकल खोलून बसलो होतो. वीस पावलं. खिसा काही थरथरला नाई. घंट्याभरानं हात धुवायला आत गेलो तवा पाहिलं. तिनं त्या दिवशी मले हाक मारली होती का, रशिदा, एवढंच मले पाहायचं आहे. तिचा फोन जुबेरनं कुठी ठेवला माहीत नाई, अन् विचारायची हिंमत होत नाई. नवा फोन त्यानं आणला, त्यापायी हे झालं, असं त्याच्या मनात यायला नको. तो माझा फोनही रिचार्जसाठी रोज चाळतो, म्हणून पत्र लिहून राह्यलो.

गुरुवारी १० तारखेले दुपारी दोन वाजता मी बटण दाबीन. तुह्या फोनवर सहा आकडे येतील. तेवढे मले मेसेज कर. पंधरा मिनिटांत टाकावे लागतात.

भावाची आठवण ठेवतेस, तशीच ठेव.
सादिकभाई


घुग्घुस
१० जुलै २०२५

ति. भाईजान यांस रशिदाचा सलाम. वि. वि.

तुमचं पत्र काल पोचलं. अक्षर अजून तसंच मोत्यासारखं आहे, मले तं लाजच वाटते उत्तर लिहायची. इथी पाऊस पडून रस्त्यावरच्या कोळशाच्या धुळीचा निसता काला झाला आहे. यांची पहिली पाळी आहे, मोटारसायकल घरी येते तवा रंग ओळखू येत नाई. तहसीनचं ठीक आहे. तुम्हाले मामूजान म्हणून आठवण करत असते.

आज दुपारी दोनले तुमचा कोड आला. पण भाईजान, फोन लावला की पहिले ती बाई बोलते ना, की ओटीपी कुणालेही सांगू नका, फसवणूक होते. मेसेजात पाठवला अन् कुणी मधातच पाह्यला तं? म्हून मी विचार केला की पत्र बरं. बंद लिफाफा, डिंक लावलेला. तं तुमचा कोड असा आहे: ४०७३१८. नीट जपून ठेवा.

अन् एक सांगू का? आता त्यात काय पाहता? भाभी जन्नतमधी आहेत. दोन वेळचं जेवा, सकाळी थोडं फिरा. जुबेरसाठी पोट्टी पाहायचं मनावर घ्या, घरात बाईमाणूस नाई तं घर कसं चालन. वरणात जिरं टाकत असन की नाई तो, अल्ला जाणे.

बहिणीवर माया असू द्या.
तुमची, रशिदा


कुरखेडा
१९ जुलै २०२५

चि. रशिदा हिस दुआ. वि. वि.

लटारू पोस्टमन तुझं पत्र काल घेऊन आला. आठ दिवसांनी. मी आकडे टाकले. कोड शिळा झाला म्हणे. अगं, पंधरा मिनिटं चालणारी गोष्ट तू पोष्टात टाकलीस! दोन महिन्यांनी पहिल्यांदा मले हसू आलं. लटारूले लिहून दाखवलं तं तोही पिशवी खाली ठेवून हसला.

बरं, झालं ते झालं. ३१ जुलैले, गुरुवारीच, दोन वाजता पुन्हा दाबतो. या वेळी मेसेज कर. मधात कोणी पाहत नाई. म्हाताऱ्याच्या अकाउंटचं कुणाले काय पडलं आहे?

इथी धानाचे रोवणे सुरू आहेत. सगळं गाव शेताच्या बांधीत आहे. दुकानात गिऱ्हाईक नाई, तरी जुबेर सकाळी आठले जातो अन् अंधार पडला की येतो. माझ्यापासून पळते की काय असं वाटते कधी कधी. जेवतानी माझ्याकडे पाहत नाई. मी थकलो आहे रशिदा, पण अंग थकलं असतं तं झोप आली असती.

काळजी नको करू. कोड तेवढा पाठव.
सादिकभाई


घुग्घुस
१ ऑगस्ट २०२५

ति. भाईजान यांस सलाम. वि. वि.

काय सांगू, माफ करा. काल नेमकी लाईन गेली होती. सकाळी दहाले गेली ते चारले आली. फोन मेला होता. चालू केला तं तुमचा कोड येऊन पडला होता, दोन घंटे शिळा. तरी लिहून ठेवते, ९५२२०६, कामी आला तं आला.

यांच्या गुडघ्याचं दुखणं वाढलं आहे. तहसीनले चंद्रपूरले एका ठिकाणी कामाचं विचारलं आहे, पाहू. मी तुमच्यासाठी जवसाची चटणी करून ठेवली आहे, कुणी त्या बाजूले येणारं भेटलं की पाठवते.

तुम्ही राग नका मानू, पण मले वाटते हे राहू द्यावं. बंद झालं ते बंद झालं. तुम्हाले काय दिसन त्यात? चहाचं, दुधाचं, तेच ना? ते तं तुम्हाले तोंडपाठ आहे. उगा जिवाले त्रास. हात जोडते.

जवळ केलं आहे, दूर नका लोटू.
तुमची, रशिदा


कुरखेडा
९ ऑगस्ट २०२५

चि. रशिदा हिस दुआ. वि. वि.

आता हसू आलं नाई.

गॅसवाला येतो तवा तू दारातूनच ओरडून त्याले कोड सांगतेस. अर्ध्या गल्लीले ऐकू जातो, हे मले गुड्डीनं लिहून सांगितलं होतं. रेशनच्या दुकानातही सांगतेस. सगळ्या जगाले सांगतेस अन् सख्ख्या भावाले पोष्टानं पाठवतेस. तू सहावीत असतानी माझ्या शाईची दवात फोडून मांजरीचं नाव सांगितलं होतं, तवाही असंच जिऱ्याचं, चटणीचं, सतरा गोष्टींचं बोलली होतीस. बोलणं लांबलं की मले कळते.

तुले काहीतरी माहीत आहे. जे आहे ते सांग. मी बहिरा आहे, लहान लेकरू नाई. रोज मले वाटते की तिनं बोलावलं अन् मी गेलो नाई. दुसऱ्या दिवशी वाटते की नाई बोलावलं, झोपेतच गेली असन. एक दिवस हे, एक दिवस ते. कारखान्यात पाळी बदलली तरी आठवड्याले बदलायची. ही रोज बदलते. मले एका जागी बसू दे.

खरं लिहिशील तं उत्तर लिही. नाई तं लटारूले उगा चकरा नको.
सादिकभाई


घुग्घुस
१७ ऑगस्ट २०२५

ति. भाईजान यांस, तुमच्या गुन्हेगार बहिणीचा सलाम.

भाभीचा फोन माह्याजोळ आहे. चाळीसव्याच्या दिवशी जुबेरनं मले मागच्या खोलीत बोलावून दिला. त्यानं पहिलेच वाचलं होतं. मले म्हणे, फुफी, हा तू घेऊन जा, अब्बाच्या हाती पडू देऊ नको, ते जगणार नाईत. अन् म्हणे की नवा फोन मी आणला नसता तं अम्मी राह्यली असती. एवढा मोठा माणूस, माह्या पदरात तोंड खुपसून रडला. मी त्याले जबान दिली. कोड दिला तं तुम्ही वाचान, म्हून दिला नाई. आधी भोळेपणा केला, मंग लाईन गेल्याचं खोटं लिहिलं. लाईन नव्हती गेली.

आता खरं लिहिते. भाभी त्या पाचही दिवस तुम्हाले लिहीत होत्या. पहिल्याच दिवशी लिहिलं आहे, तुमचं बंद आहे माहीत आहे मले, पण बोट राहत नाई. मंग रोजचंच. भाजीवाला येऊन गेला. जुबेर आज बरोबर जेवला नाई. तुमचा निळा सदरा फाटला, आता तरी टाका.

शेवटच्या दिवशीचं जसं आहे तसं उतरवते.

दोन वाजून चाळीस मिनिटं. चहा मांडते, या.
दोन बावन्न. कसंतरीच होऊन राह्यलं. जरा या ना.
दोन पंचावन्न. या ना.
तीन वाजून पाच मिनिटं. राहू द्या. पडते जराशी. तुमचं काम होऊ द्या.

त्याच्यानंतर काही नाई.

भाईजान, तुम्हाले तं ते दिसूच शकत नव्हतं. मी हे शंभरदा मनात म्हटलं आहे. मले शिव्या द्या, पण उत्तर द्या. जेवून घ्या. जुबेरले काही बोलू नका.

तुमची, रशिदा


कुरखेडा
२६ ऑगस्ट २०२५

चि. रशिदा हिस दुआ.

पत्र पोचलं. दोन दिवस तेच वाचत राह्यलो. तिनं बोलावलं होतं. तीनदा बोलावलं. बरं झालं तू सांगितलंस, हे आज लिहू शकतो, परवा नसतं लिहिलं.

जुबेरले काल दुकानात जाऊन तुझं पत्र दाखवलं. त्यानं शटर अर्धं खाली ओढलं अन् आम्ही दोघं सिमेंटच्या पोत्यांवर बसलो. तो बराच वेळ बोलला. मले काही ऐकू आलं नाई, पण मी थांबवलं नाई. मग त्यानं वहीवर लिहिलं की माझ्यामुळं झालं. त्याखाली मी लिहिलं की नाई बाबा, फोन बापाच्या सोयीसाठी आणला होतास. आता जेवतानी तो माझ्याकडे पाहते. कमी पाहते, पण पाहते.

तुझ्यावर राग नाई. होता, दोन दिवस.

पण मले तो कोड पाहिजेच. आता वाचायसाठी नाई. ४ सप्टेंबरले, गुरुवारी, दोन वाजता. जुबेर बाजूले बसणार आहे. अन् रशिदा, लाईन जाऊ देऊ नको.

तुझा, सादिकभाई


घुग्घुस
४ सप्टेंबर २०२५

ति. भाईजान यांस रशिदाचा सलाम. वि. वि.

दीड वाजेपासून दोन्ही फोन घेऊन ओट्यावर बसली होती. माहा अन् भाभीचा. भाभीच्या फोनात रिचार्ज नाई, पण तहसीननं घरातलं नेट लावून दिलं. दोन वाजून चार मिनिटांनी कोड आला. तीनदा ताडून पाह्यला अन् पाठवला. तुमचं मिळाला म्हणून आलं, तवा कुठी मले श्वास आला.

मंग पाऊण घंटा काहीच नाई. तुम्ही वाचत असान असं वाटलं. नऊ वर्षांचं आहे, वेळ लागनच. दारावरून ट्रक जाऊन राह्यले होते. तहसीननं चहा आणून ठेवला तो तसाच थंडा झाला.

तीनले दहा कमी असतानी भाभीच्या फोनवर तुमचं नाव आलं. मी उघडलं. त्यांच्या चारही ओळींखाली तुम्ही एकच शब्द लिहिला होता.

आलो.

भाईजान, मी लय रडली. तहसीननं काय झालं म्हून विचारलं, तिले फोनच दाखवला. तीबी मंग माह्याजोळ बसून राह्यली. आम्ही त्याखाली काही लिहिलं नाई. पुसलंबी नाई.

उद्या सकाळच्या बसनं मी कुरखेड्याले निघते. हे पत्र माह्या मागूनच पोचन, तरी टाकते, लिहून झालं आहे म्हून. पंधरा दिवस राहीन. जुबेरले सांगा, वरण मी करीन.

येते, तोवर सांभाळून राहा.
तुमची, रशिदा