देवस्थळे साहेबांची पुस्तकं तपासताना

६ जानेवारी, सोमवार
मोहनरावांनी कसबा पेठेतल्या प्रकाशनाच्या ऑफिसात बोलावलं आणि मुद्रितं तपासायला दोन गठ्ठे हातात दिले. दोन्ही देवस्थळे साहेबांचे. निवृत्त सचिव. नोकरीत फायली अडवल्या, आता छापखाना अडवतात. पाण्याच्या कारभारातल्या सुधारणांवर तीन ग्रंथ, युरोपच्या सहलीवर एक, मधुमेहावर एक, नातवंडं कशी वाढवावीत यावर एक (नातवंडं अमेरिकेत). ऐतिहासिक कादंबरी तेवढी राहिली होती. तीही लिहिली, पहिला गठ्ठा तिचाच. दुसऱ्या गठ्ठ्यात सुधारणांच्या पहिल्या ग्रंथाची नवी आवृत्ती.

"सुमनताई, साहेबांनी तुमचंच नाव सुचवलं," म्हणाले. माझं कुठलं काम पाहिलं त्यांनी, कोण जाणे.

माझ्या नवऱ्याच्या, वसंतच्या, खात्याचे सचिव होते हे. नाही म्हणायचं मनात आलं होतं. पण पुस्तकांवर माझं माहेरचं आडनाव जातं, त्यांना काय कळणार. आणि खरं सांगायचं तर त्यांच्या चुका काढायची हौस आली.

९ जाने., गुरुवार
कादंबरी. पेशवाईतलं एक गाव, तलाव, कारभारी. पान ११ वर कारभारी चहा पितो. पान ३० वर लढाईची "आढावा बैठक". पान ४२ वर बायको रडत येते तर तिला म्हणतो, "सदर बाबतीत तुझे म्हणणे विचारात घेण्यात येईल." हसून डोळ्यांत पाणी आलं. घोडी, तलवारी, पगड्या, सगळं आहे. माणूस एकही नाही. ऱ्हस्वदीर्घाबद्दल न बोललेलं बरं.

१४ जाने., मंगळवार
संक्रांत. तिळगूळ वाटून झाले, मग ग्रंथ उघडला. प्रकरण पाचवं. माहीत होतं की येणार.

पाझर तलावाचा बांध फुटला, दोन घरं आणि एक म्हातारी वाहून गेली, त्या चौकशीचं वर्णन. "आदर्श चौकशी" म्हणे. शेवटी ते वाक्य: "दुर्घटनेचे कारण कनिष्ठ अभियंत्याची हलगर्जी." नाव नाही. नाव घालण्याइतकाही वसंत त्यांना मोठा वाटला नाही.

त्यानं तीन पत्रं पाठवली होती वर. गळती वाढतेय, पाणी उतरवा. चौकशीत पत्रं मिळालीच नाहीत. वर पोचल्याची नोंद नाही, ऑफिसातली प्रतही गायब. चार वर्षं निलंबित. परत घेतलं तेव्हा माणूस आतून संपलेला. जाऊनही नऊ वर्षं झाली.

वाक्यात व्याकरणाची चूक नाही. पुढच्या पानावर गेले.

२० जाने., सोमवार
हे नीट लिहून ठेवायला हवं.

कादंबरी, प्रकरण एकोणिसावं. रंगो त्रिंबक नावाचा कारकून तलावाची गळती पाहून कारभाऱ्याला तीन पत्रं लिहितो. कारभारी ती दाबतो. तलाव फुटतो, दोष कारकुनावर. तिसऱ्या पत्रात हे वाक्य:

"स्वच्छ पाणी झिरपत होते तोवर भिण्याचे कारण नव्हते, आता ते गढूळ येऊ लागले आहे."

हे वाक्य माझं आहे.

वसंतच्या पत्राचा खर्डा मी जेवणाच्या टेबलावर नीट केला होता. त्यानं चार ओळींत सांगितलेलं (गढूळ म्हणजे बांधाची माती धुपतेय) मी एका वाक्यात बसवलं. "सचिवांना चार ओळी वाचायला वेळ नसतो," असं मीच म्हणाले होते. खर्डा जपला नाही. पत्र पोचलं नाही असं कोणी म्हणेल, हे कुणाच्या डोक्यात येणार?

पत्र पोचलं होतं. त्यांनी वाचलं होतं. इतकं नीट की वीसेक वर्षांनी पाठ आहे.

२१ जाने., मंगळवार
काम नाही. मृणालचा फोन. लेकीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, सरळ कन्फ्रंट कर ना त्यांना. नाहीतर मी पोस्ट टाकते." टाकू नकोस म्हटलं. बापाचं नाव चार लोकांच्या करमणुकीला द्यायचं नाही.

थोड्या वेळानं परत तिचाच फोन. रडत होती.

२४ जाने., शुक्रवार
मोहनरावांच्या ऑफिसात देवस्थळे आले. अठ्ठ्याहत्तर वय, कडक इस्त्री. मोहनराव खाली चहा सांगायला गेले तेव्हा मी प्रकरण एकोणीस समोर ठेवलं, त्या वाक्याखाली पेन्सिलची रेघ. त्यांनी चष्मा चढवून वाचलं.

"ओळखलंत तर," म्हणाले.

"हे वाक्य कुठून आणलंत साहेब?"

"तुम्हाला ठाऊक आहे." मग, "तुम्ही कोण हे मलाही पहिल्यापासून ठाऊक होतं. म्हणून तर तुमचंच नाव सुचवलं. ही कादंबरी तुम्ही वाचावी असं वाटत होतं."

म्हणजे माफी मागायला या माणसानं चारशे पानं लिहिली, तीही तपासायला मलाच दिली. दोन शब्दांचं काम. धोतर नेसवून, अडीचशे वर्षं मागे नेऊन, माझ्याकडूनच शुद्धलेखन करून घेऊन.

म्हणाले, "मी त्याला निर्दोष ठरवलंय, बाई. शेवटच्या प्रकरणात त्याचा सत्कार आहे."

"कोणाचा? रंगो त्रिंबकचा? तो तर जन्मलाच नाही."

मी ग्रंथाचं पाचवं प्रकरण काढलं. म्हटलं, "इथे लिहा. पत्रं आली होती, मी वाचली होती, मी दाबली. वसंतचं नाव घालून. नवी आवृत्ती आहे, दुरुस्तीला जागा आहे."

"माझ्याही वर लोक होते."

"तेही लिहा."

"या वयात आता..."

"वसंत एकसष्टाव्या वर्षी गेला, साहेब."

त्यांनी पान घडी करून खिशात घातलं. उठताना टेबलाचा आधार घेतला. मला दया यायला हवी होती बहुतेक. आली नाही. मोहनराव चहा घेऊन वर आले तर हे जिना उतरायला लागलेले. "काही कमीजास्त झालं का?" म्हणाले. दुरुस्त्या बऱ्याच आहेत, म्हटलं.

३ फेब्रुवारी, सोमवार
पानाचा पत्ता नाही. मोहनराव कुरकुरतायत, कादंबरी तरी पुढे सरकवा म्हणतात. प्रकरण २० ते २४ केली. सत्काराला रंगोला शालजोडी मिळते आणि तो "भारावून" जातो. वसंत भारावला नसता. आधी विचारलं असतं, त्या म्हातारीच्या घरच्यांना काय दिलंत.

काल मंडईत भाजी घेताना एकदम वाटलं, मीही कमी नाही. त्यांचे तीन ग्रंथ बाजारात होते इतकी वर्षं. पाचवं प्रकरण मी तेव्हाच वाचलं होतं. गप्प बसले. मला पेन्सिल हातात मिळेपर्यंत धीर झाला नाही. त्यांना निदान लिहावंसं तरी... नाही. तेवढंही श्रेय द्यायचं नाही.

११ फेब्रु., मंगळवार
पान आलं. पाकिटात, चिठ्ठीबिठ्ठी नाही.

पत्रांबद्दल एक अक्षर नाही. वसंतचं नाव नाही. फक्त त्या वाक्यातले दोन शब्द खोडलेत, शाईनं, व्यवस्थित पट्टी लावून. आता वाक्य असं: "दुर्घटनेचे कारण हलगर्जी."

मोहनरावांचा फोन. "साहेबांनी दुरुस्ती केली ना ताई? मग छपाईला सोडू?"

नको म्हटलं. अजून एक शंका आहे.

समासात लिहिलं, "कोणाची?" आणि दुपारच्या कुरियरनं पान त्यांना परत पाठवलं.