सम्राट, ६४ मिलिमीटर

३ जानेवारी, सकाळी ७
रोजनिशीचा संकल्प १ तारखेचा. दोन दिवस विषय नव्हता. आज आहे. बायकोला दिवस गेलेत.
मी सत्तेचाळीस, ती बेचाळीस, मुलगी एकोणीस. आणि मी कोण? कंडोमच्या कारखान्यात एकवीस वर्षं क्वालिटी सुपरवायझर. रोज शेकडो नग पाण्याने भरून टांगायचे आणि खालून बघत बसायचं. थेंब दिसला की बॅच अडवायची. घरात वापरतो तो माल आमचाच, मीच पास केलेला.
हे शक्य नाही, असं बायकोला स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, शक्य नाही ते झालंय. वर म्हणाली, त्या दिवशी घसरलं होतं, मी तेव्हाच बोलले, तुम्ही म्हणालात तुला काय कळतंय त्यातलं.
तिचं शिवणकामाचं दुकान आहे, रस्त्याच्या टोकाला. कोट-पँटी शिवते. रबरातलं तिला कळायचं कारणच नाही. घसरलं नाही, फाटलं. घट्ट झालं म्हणून फाटलं. घट्ट झालं, कारण डिझाइन करणाऱ्यांनी मोठ्या मापाच्या माणसांचा विचारच केलेला नाही.
संकल्प बदलला. नवीन डिझाइन करणार. स्वतः.

४ जानेवारी
मॅनेजरला केबिनमध्ये गाठून सगळं सांगितलं. त्याने उठून दार लावलं. विचारलं, त्या फाटलेल्या नगाचं पाकीट ठेवलंय का? नाही. कोणाला बोललास? नाही. कुठे लिहिलंयस? नाही म्हणालो. (ही वही धरत नाही.) म्हणाला, छान, आता घरी जा, कंडोमच्या कारखान्यात नाही, एखाद्या पेढीवर कामाला असल्यासारखा वाग आणि हा विषय विसर.
एवढी गुप्तता! प्रोजेक्ट मोठा आहे.

८ जानेवारी
नवी डिझाइन इंजिनिअर माझ्या मुलीपेक्षा पाचएक वर्षांनी मोठी असेल. कोटाच्या खिशात सतत स्टीलची पट्टी, म्हणून मी तिला फूटपट्टी म्हणतो. मनातल्या मनात. ती गेले दोन महिने गिऱ्हाइकांच्या तक्रारींची पत्रं वाचत बसलीय. आज चहाच्या वेळी म्हणाली, सर, फाटल्याच्या तक्रारी थोड्या आहेत, घसरल्याच्या त्याच्या तिप्पट आहेत.
मी समजावलं की लोकांना खरं लिहायला लाज वाटते. तिने मान हलवली आणि लिहून घेतलं. शिकेल हळूहळू.

११ जानेवारी
बायकोची डॉक्टरकडे साडेदहाची वेळ होती. मी येतो म्हणालो होतो. पण दहा वाजता माझ्या सर्व्हेचे फॉर्म वाटायचे होते. फोन केला. ती म्हणाली, असू दे, बहिणीला घेऊन जाते. समजूतदार बाई.
सर्व्हे: कारखान्यातले त्रेचाळीस पुरुष. प्रश्न एकच. तुमचं माप कोणतं? लहान, मध्यम, मोठं. नावासहित.

१३ जानेवारी
निकाल. मोठं: एक्केचाळीस. एकाने लिहिलं, तुम्हाला काय करायचंय. एकाने लिहिलं, मध्यम. तो शिपाई. दुपारपासून त्याला सगळे 'ए मध्यम' अशीच हाक मारतायत.
माझा मुद्दा सिद्ध झाला. फूटपट्टीला दाखवलं तर म्हणाली, सर, माप विचारायचं नसतं, घ्यायचं असतं.
संध्याकाळी दुकानात जाऊन बायकोला आकडे वाचून दाखवले. ती कापडावर खडूने खुणा करत होती. वर न बघता म्हणाली, माझ्याकडे येणारा प्रत्येक पुरुष कंबर दोन इंच कमी सांगतो. टेप लावली की पोट आत ओढतो. मी काही बोलत नाही, आतल्या शिलाईत दोन इंच सोडून ठेवते. आठवड्यात परत येतोच.
विषय सोडून बोलायची तिची जुनी सवय आहे. मग तिने विचारलं, तुमचं काय मत आहे? मी म्हणालो, सर्व्हेबद्दल? ती म्हणाली, नाही.
मी सांगितलं, ६ फेब्रुवारीला हेड ऑफिसपुढे नव्या डिझाइनांचं प्रेझेंटेशन आहे, तोवर डोक्याला दुसरा ताप नको. तिने टाचण्या तोंडात धरल्या. त्यामुळे बोलणं तिथेच थांबलं.

१९ जानेवारी
साच्यासाठी काचकाम करणाऱ्याकडे गेलो. आमचा नेहमीचा माल सपाट करून मोजला की त्रेपन्न मिलिमीटर भरतो. मी चौसष्टचा साचा सांगितला. म्हाताऱ्याने चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, दिव्याची काच का? हो म्हणालो. सामान्य माणसाला कुठे समजावत बसा.
नाव ठरलं. सम्राट.

२४ जानेवारी
सम्राटचा पहिला नग तयार. हवेच्या चाचणीला लावला. फुगत गेला, फुगत गेला, फुटायचं नाव नाही. टेबलावरचे सगळे उठून मागे सरकले. आदराने.

२७ जानेवारी, संध्याकाळी ६
घरी, बाथरूममध्ये प्रत्यक्ष चाचणी. राहिला नाही. कारण: थंडी.

२८ जानेवारी, संध्याकाळी ६
गरम पाण्याने आंघोळ करून पुन्हा. राहिला नाही. कारण: पावडर जास्त झाली.

२९ जानेवारी, संध्याकाळी ६
मुलीने दार वाजवून विचारलं, बाबा, रोज याच वेळी आत एवढा वेळ काय करतोस? राहिला नाही. कारण उघड आहे. या घरात संशोधनाला पोषक वातावरण नाही.
शेरा: चाचणी अनिर्णित.

३० जानेवारी
फूटपट्टीने तिचा वेगळा सर्व्हे काढला. प्रत्येकाला कागदाची एक पट्टी आणि पाकीट. घरी जायचं, पट्टी गुंडाळायची, घेराची पेनाने खूण करायची, पाकीट गेटजवळच्या पेटीत टाकायचं. नाव नाही, नंबर नाही.
मीही टाकलं. खरी खूण केली. नाव नसल्यावर खोटं लिहून फायदा काय?

१ फेब्रुवारी
नाश्त्याला बसलो असताना बायकोने पुन्हा विषय काढला. डॉक्टर म्हणतायत आता थांबता येणार नाही, काय ते ठरवा. ठेवायचं नसेल तर ६ तारखेला अकराची वेळ दिलीय.
योगायोग पाहा, माझंही ६ तारखेला अकरालाच. मी म्हणालो, शरीर तुझं, निर्णय तुझा. बायकोला एवढी मोकळीक देणारे नवरे आजकाल मिळत नाहीत.
तिने कप बाजूला सरकवला. म्हणाली, मला एकदा वाटतं राहू द्यावं, एकदा वाटतं या वयात झेपायचं नाही. तुम्ही हो म्हणा, नाही म्हणा, पण काहीतरी म्हणा.
मी म्हणालो, स्लाइड्स होऊ देत.

६ फेब्रुवारी, दुपारी ४
झालं.
फोन बंद ठेवून आत गेलो. हेड ऑफिसचे साहेब आले होते. सम्राट टेबलावर ठेवला. साहेबांनी तो हातात घेतला, मूठ वळली आणि आत घातली. कोपरापर्यंत सहज गेली. साहेब म्हणाले, हे नक्की कोणासाठी आहे? मी सर्व्हे दाखवला. एक्केचाळीस मोठे. साहेबांनी मॅनेजरकडे पाहिलं, मॅनेजरने खिडकीकडे.
मग फूटपट्टी उठली. पडद्यावर आलेख. त्रेचाळीस पट्ट्या, त्रेचाळीस ठिपके. मधे दाटी, उजवीकडे तीन-चार, डावीकडे दहा-बारा. आणि अगदी डाव्या टोकाला, सगळ्यांपासून लांब, एकच ठिपका.
साहेबांनी विचारलं, हा बिचारा कोण? सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्याने हसलो.
ठिपक्याखाली आकडा होता. मी पट्टी दोनदा मोजली होती, त्यामुळे आकडा पाठ होता.
फूटपट्टी हसली नाही. म्हणाली, सर, या माणसाला आपला माल घसरणारच. माल चांगला आहे, त्याच्या मापाचा नाही. आणि तो दुकानात जाऊन लहान माप मागणार नाही, म्हणून पाकिटावर 'लहान' छापायचंच नाही. नुसता आकडा छापायचा.
मला घाम फुटला. ए.सी. बिघडला असावा.
एकोणपन्नास मिलिमीटरचं माप मंजूर. सम्राट 'पुढील विचारार्थ'. म्हणजे दार उघडं आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७
घरी आलो. बायको भिंतीकडे तोंड करून झोपली होती. पायांवर शाल. मुलगी स्वयंपाकघरात उभी होती. तिने सांगितलं, अकरा वेळा फोन केला. सोबतच्या माणसाची सही लागते, ती मी केली. नर्सने दोनदा नाव पुकारलं तरी आई बाकावरून उठेना. म्हणत होती, पाच मिनिटं थांबा, ह्यांचा फोन येईल. तिसऱ्यांदा पुकारल्यावर आत गेली.
मी म्हणालो, मीटिंगमध्ये फोन बंद ठेवायचा कंपनीचा नियम आहे.
मुलगी म्हणाली, बाबा, तू आता गप्प बस.
प्रेझेंटेशन कसं झालं, कोणी विचारलं नाही.

९ फेब्रुवारी
बायकोसाठी फळं आणली. तिने थँक यू म्हटलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा थँक यू म्हटलं. चांगली सुरुवात आहे.

२० फेब्रुवारी
दुकानाच्या मागे एक खोली आहे, कापडाचे तागे ठेवायची. बायको तिकडे राहायला गेली. म्हणते, कामं खूप आलीयत, जा-ये नको वाटते. घरापासून दुकान सहा मिनिटांवर आहे. मुलगीही गेली. तिला तिथून कॉलेज जवळ पडतं म्हणे. मी चालून पाहिलं. लांब पडतं.
तात्पुरतं आहे.

१ मार्च
माझी बदली. तक्रार निवारण कक्ष. मॅनेजर म्हणाला, तिथे अनुभवी माणूस हवा. पाण्याच्या चाचणीवर आता 'मध्यम' बसेल. ही बढतीच म्हणायची, फक्त तसं पत्र नाही. कक्ष म्हणजे एक टेबल, एक खण, एक खिडकी. खिडकीतून बॉयलर दिसतो.
फूटपट्टीचं वाचून झालेली पत्रं खणात तुंबली आहेत. एकालाही उत्तर गेलेलं नाही. उत्तराचे तीन छापील नमुने आहेत. एक: उत्पादनात दोष आढळला नाही. दोन: वापरण्यात चूक झाली असावी. तीन: आपल्या सूचनेबद्दल आभार. योग्य तो निवडायचा, सही करायची, पाकीट बंद.

४ मार्च, संध्याकाळी ६
एकोणपन्नासचे नग स्टाफला वाटले. प्रत्येकाने नको नको म्हणत खिशात घातले. घरी येऊन चाचणी. आता दार लावायचीही गरज नाही.
बसला. नीट बसला.
कारण:

११ मार्च, दुपारी
आज खणाच्या तळापर्यंत पोचलो. निळ्या शाईतलं एक पत्र, काही ओळींखाली फूटपट्टीच्या पेन्सिलच्या रेघा. तारीख १६ नोव्हेंबर. सही नाही. अक्षर ओळखलं. याच अक्षरात आमच्या वाण्याची यादी असायची.
उतरवून ठेवतो.
'स.न.वि.वि. मी शिवणकाम करते. एकाच मापाचा कोट सगळ्यांना होत नाही, मग तुम्ही ही वस्तू एकाच मापाची का करता? काल आमच्याकडे घसरलं. नेहमीच्या मापापेक्षा साधारण दीड सूत कमी हवं, हा माझा नजरेचा अंदाज आहे. माझे यजमान तुमच्याच कारखान्यात आहेत. फार कष्टाळू आहेत. त्यांना हे मी सांगू शकत नाही, त्यांना वाईट वाटेल. तुम्हीच नवं माप काढलंत आणि त्यावर लहान असं लिहिलं नाहीत, तर ते आपोआप घरी आणतील. या वयात मला आता भीती वाटते. उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठवावे, घरी नको.'
दीड सूत म्हणजे पावणेपाच मिलिमीटर. फूटपट्टीला अख्खा आलेख काढावा लागला.
पहिला नमुना घेतला. ठेवला. दुसरा घेतला, तो वाचून लगेच ठेवला. तिसरा घेतला. आपल्या सूचनेबद्दल आभार. सूचनेवर कार्यवाही झाली आहे. खाली सही केली. सहीच्या वर एक ओळ मावेल एवढी जागा होती. पेन धरून बसलो. साडेतीनचा भोंगा झाला, चहा आला, गार झाला.
मग आठवलं, छापील पत्रावर हाताने काही लिहायची आपल्याकडे पद्धत नाही.
दुकानाचा पत्ता घातला. प्रत्येक उत्तरासोबत नव्या मापाचं एक पाकीट मोफत द्यायचा नियम आहे. तेही जोडलं आणि पत्र नव्या शिपायाकडे दिलं.