जरा खालच्या पट्टीत

हॉलिनशॉ, यॉर्कशर
६ नोव्हेंबर १९७९

चि. सेलविन यास,
थर्झा मावशीचे अनेक आशीर्वाद. कान पिळायचा राहिलाय, तो भेटीत.

तुझं पत्र पोचलं. अकरा महिन्यांनी चार ओळी. एकेक ओळ लिहायला पावणेतीन महिने लागले म्हणायचे. गळ्यात गाठ झाली होती, डॉक्टरांनी कापली, आता सहा आठवडे तोंडातून शब्द काढायचा नाही म्हणे. वाईट वाटलं रे. पण खोटं कशाला बोलू, आधी हसूच आलं. तू जन्मलास तेव्हा असा काही रडलास की शेजारचं कुत्रं दोन दिवस घरी फिरकलं नाही. तुझी आई गेल्यावर सहा वर्षांचा तू या घरात आलास, तेव्हापासून मी जरा शांतता मागत होते. ती मिळाली ती लंडनला. तिचा मला काय उपयोग?

पोस्टमनच्या मुलीने भिंतीवर तुझा फोटो लावलाय. खाली तुझं ते गाण्यातलं नाव आणि तुमच्या बँडचं नाव, 'लेक्स रेव्हन, कोल्ड फोर्ज', असं छापलंय. तोंड हे एवढं उघडं, डोळे मिटलेले आणि विजार अंगावरच शिवल्यासारखी. मी तिला विचारलं, हा गातोय की याला कुठे काही चिमटलंय? पोरगी तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. तू जगाचा लेक्स असशील, मला सेलविनच बरा.

रविवारपासून 'थ्री टप्स'मध्ये नाताळची गाणी सुरू होतील. तुझे एनॉक काका गेल्यापासून सुरुवातीचा सूर हॅरल्ड स्टॅनिफर्थ देतो. मी काही जात नाही. त्या पबमध्ये धूर फार.

आता खरं सांग, डॉक्टर नेमकं काय म्हणाले? तुझ्या चार ओळींत ते कुठेच नाही. शाळेचं प्रगतिपुस्तक कोळशाच्या खोलीत लपवायचास, तेव्हाही तू असाच गोड वागायचास.

डब्यात पार्किन पाठवलंय, तुझा आवडता केक. आलं जास्त घातलंय, गळ्याला चालेल ना ते विचारून खा. मग उत्तर लिही. आता तर बोलायचीही सबब नाही तुला.

तुझी,
थर्झा मावशी


लंडन
१४ नोव्हेंबर

ती. थर्झा मावशीस,
सेलविनचा नमस्कार, वि. वि.

पार्किन डॉक्टरांना न विचारता खाल्लं. निम्मं नेव्हिलने खाल्लं, आमचा ड्रमवाला. गळ्यात पाटी अडकवून फिरतोय मी. दुकानात पाटीवर 'पाव' लिहिलं, तर दुकानदार मोठ्याने ओरडून विचारायला लागला, कसला पाव. मुका म्हणजे बहिरा, असंच लोकांना वाटतं.

तू विचारलंस म्हणून सांगतो, पण गावात बोलू नकोस. बोलता येईल म्हणतात डॉक्टर, गाताही येईल. पण वरचे सूर परत येतील असं धरून चालू नका, म्हणाले. मावशी, बारा वर्षं आमचं सगळं त्या वरच्या सुरांवर चाललंय. लोक तिकीट काढतात ते त्या एका किंकाळीसाठी. पंचवीस जानेवारीला लीड्सला दौरा सुरू होतोय. बाकीच्यांना मी फक्त एवढंच सांगितलंय की साधी गाठ होती. रेकॉर्ड कंपनीच्या माणसाने मात्र बर्मिंगहॅमच्या एका पोराला आत्ताच ऐकून ठेवलंय. वर जातो म्हणे. तेवीस वर्षांचा आहे.

मी तेहतीस वर्षांचा आहे. चाकू-सुऱ्यांच्या कारखान्यातली उमेदवारी सोडून आलो, दुसरं काही येत नाही मला.

दिवसभर गप्प बसलं की मागचं फार आठवतं. 'थ्री टप्स'मधलं सूर देणाऱ्याचं खिडकीखालचं स्टूल आठवतं. काकांना खोकला झाला होता आणि त्यांनी मला, अकरा वर्षांच्या पोराला, सूर द्यायला त्यावर बसवलं. घाबरून मी भलत्याच वरच्या पट्टीत धरला. आणि आपल्याकडची रीत अशी की एकदा दिलेला सूर मागे घ्यायचा नाही. पहिल्या कडव्यात बायका थांबल्या, दुसऱ्यात पुरुष थांबले. शेवटची तीन कडवी मी एकटाच. त्या दिवशी मला कळलं की मला काय येतं. आता तेच गेलं तर?

तुझ्या मायेला सुट्टी देऊ नकोस.

तुझा,
सेलविन


हॉलिनशॉ
२२ नोव्हेंबर

चि. सेलविन यास आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. मग चहा केला आणि तो प्यायचा राहिला.

आधी गावातलं सांगते, म्हणजे तुझा चेहरा जरा सरळ होईल. हॅरल्डने नवी कवळी बसवली. रविवारी सूर द्यायला तोंड उघडलं तर आधी शिट्टी वाजली आणि मग सूर आला. बर्टचा कुत्रा उठून त्याच्या पायाशी जाऊन बसला. हॅरल्डने मान खाली घातली ती अजून वर केलेली नाही. नाताळपर्यंत आपण काही त्या स्टुलावर बसणार नाही, म्हणतो. मग पबवाली डोरीन माझ्या दारात. एनॉकचा सूर तुझ्याच कानात असेल, तूच ये, म्हणाली. मी म्हटलं, माझ्या कानात काय आहे ते माझं मी बघीन. आणि धूर फार, हेही म्हटलं.

आता एक गोष्ट तुला सांगते. एनॉकने मला शपथ घातली होती, पण तो तीन वर्षं कबरीत आहे. माझ्यावर रागवायला वर यायचा असेल तर येऊ दे, मला बरंच आहे.

ज्या दिवशी तू एकट्याने तीन कडवी गायलीस ना, त्या दिवशी त्याला नुसता खोकला नव्हता. कारखान्यातल्या धुळीने त्याचे वरचे सूर गेले होते. घरी येऊन मोरीपाशी उभा राहिला आणि म्हणाला, थर्झा, मी संपलो. पुढच्या वर्षी मात्र पुन्हा स्टुलावर बसला. सूर दिला, पण केसभर खालचा. कुणाला कळलं नाही, वाजवायला तिथे पेटी ना पियानो. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी केसभर. असा अठरा वर्षं खाली उतरत आला. कळत होतं फक्त मला, शेजारी मी उभी असायचे ना. आणि गाव काय म्हणायचं ठाऊक आहे? यंदा आपला आवाज काय लागलाय, म्हणायचं! आधी नुसते ओठ हलवणारे म्हातारेही शेवटी शेवटी पोटातून गायला लागले होते.

तुझी मौनाची मुदत तेरा डिसेंबरला संपते. सोळाला रविवार आहे. ये आणि सूर दे. पुढचं पुढे बघू.

रागावलास तरी पत्र टाक.

मावशी


लंडन
२८ नोव्हेंबर

ती. मावशीस नमस्कार.

रागावलोच. पब वेगळा आणि आमचं काम वेगळं. तिथे सगळ्यांनी मिळून गायचं असतं. इथे पाच हजार लोक गप्प बसून मी कधी वर जातो त्याची वाट बघतात. माझी पट्टी उतरली की पोस्टमनच्या मुलीलाही कळेल.

तरी ते केसभर-केसभर डोक्यातून जात नाही. काकांनी मला कधी सांगितलं का नाही?

आणि तुझा तो धूर. तीन वर्षं ऐकतोय. तुझ्या स्वयंपाकघरातली चूल पबपेक्षा जास्त धूर काढते आणि तिच्यापाशी तू दिवसभर बसतेस. सूर मी देईन, पण तू आत येऊन शेजारी उभी राहणार असशील तरच. दारातून परत फिरलीस तर मीही गाडीत बसलो म्हणून समज.

नेव्हिलने डॉक्टरांचा कागद वाचला. गाडी मीच चालवतो, म्हणाला. बाकी काहीच बोलला नाही. ड्रमवाल्यांचं असंच असतं.

तुझा,
सेलविन


हॉलिनशॉ
४ डिसेंबर

चि. सेलविन,

मोठा झालास रे, मावशीला कोपऱ्यात गाठायला लागलास.

धूर नाही, बरं? दुसऱ्या कुणी सूर दिला की तो एनॉकचा नाही हे मला पहिल्याच श्वासाला कळणार. ते कळू नये म्हणून जात नाही. झालं समाधान?

येते. पण अट आहे. ज्या विजारीत श्वास घेता येतो अशी एखादी असेल तर ती घालून ये. नेव्हिल बाहेरच्या खोलीत झोपेल. पाय लांब असतील तर ते खिडकीबाहेर ठेवावे लागतील, असं आधीच सांगून ठेव.

मावशी


हॉलिनशॉ
१९ डिसेंबर

चि. सेलविन यास पोटभर आशीर्वाद.

तुमची गाडी वळली आणि मागे गावाला तोंड फुटलं. तू स्टुलावर बसलास, तोंड उघडलंस आणि आवाजच आला नाही. तेव्हा आपल्याला काय वाटलं ते जो तो मला सांगून जातोय. डोरीन म्हणते तिने हातातला ग्लास ठेवून दिला होता. बर्ट म्हणतो, आपल्याला आधीपासून खात्री होती. काही खात्री नव्हती, डोळे मिटून बसला होता. मी बघितलं.

मला काय झालं ते मलाच कळलं नाही. तुझ्या पाठीशी उभी होते आणि एनॉकचा शेवटच्या वर्षीचा सूर आपसूक नाकातून निघाला. हळूच. तू मान न वळवता तो घेतलास. खरबरीत, खाली, दगडी जिना उतरल्यासारखा. अन् मग सगळा पब एकदम त्या सुरात शिरला. हॅरल्डसुद्धा, शिट्टीसकट! पहिल्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत कुणी गळालं नाही रे. बावीस वर्षांपूर्वी तू सगळ्यांना मागे टाकून गेला होतास, परवा बरोबर घेऊन गेलास.

तुझा नेव्हिल हातात पोर्क पाई धरून रडत होता. मोहरी झोंबली, म्हणाला. त्याच्या पाईला मोहरी लावलीच नव्हती.

माझ्या नाकातून निघाला तो एनॉकचा, पण तुझ्या गळ्यातून आला तो तुझा होता. तरी मी उभी राहू शकले. आता तुझ्या बँडवाल्यांना सांगून टाक. लपवायला तिथे कोळशाची खोली नाही.

मावशी


लंडन
४ जानेवारी १९८०

ती. मावशीस नमस्कार.

सांगितलं. मग नेव्हिल, जो कधी बोलत नाही, तो म्हणाला की सगळी गाणी तीन सूर खाली घ्यायची, नाहीतर ड्रमला दुसरा माणूस शोधा. गिटारवाला डर्मट दोन तास कुरकुरत तारा सैल करत होता. मग एक सूर वाजवला, पुन्हा वाजवला, आणि म्हणाला की ही गिटार आपल्याकडे बारा वर्षं होती, हा आवाज कुठे लपला होता?

कंपनीचा माणूस लीड्सला येणार आहे. लोकांनी पाठ फिरवली तर फेब्रुवारीपासून बर्मिंगहॅमचा पोरगा. एकच रात्र मिळालीये. मावशी, केसभर नाही, एकदम तीन सूर. तिकीट सोबत आहे. नाही म्हणू नकोस, तिथला धूर खोटा असतो.

तुझा,
सेलविन


हॉलिनशॉ
२८ जानेवारी

चि. सेलविन,

कानात कापूस घालून गेले होते, दुसऱ्या गाण्याला काढला. कंपनीचा माणूस स्वतः येऊन तुला 'फेब्रुवारीतही तूच' म्हणाला ते नेव्हिलने मला सांगितलं. सगळं सांगितलं, तुला वाटतो तेवढा काही तो मुका नाही. बर्मिंगहॅमच्या पोराला माझ्याकडून पार्किन पाठव. त्याचेही दिवस येतील, आणि जातील, आणि पुन्हा येतील.

डोरीनने स्टूल पुसून ठेवलंय. पुढच्या नोव्हेंबरपासून त्यावर मी बसणार. बाई बसणार म्हणून हॅरल्ड कुरकुरला, पण त्याची कुरकुरही शिट्टीतच निघते, तेव्हा कुणी मनावर घेत नाही.

आणि ऐक. लीड्सला माझ्या शेजारी एक बाई बसली होती, तुझ्या सगळ्या दौऱ्यांना जाते म्हणे. शेवटच्या गाण्याला अख्खी सभा तुझ्याबरोबर गात होती. तेव्हा तिने माझा दंड धरला आणि म्हणाली, यंदा याचा आवाज काय लागलाय!

मी पिशवीतलं पार्किन तिला दिलं.

माया आहे तिथेच आहे, येऊन घेऊन जात जा.

तुझी,
थर्झा मावशी